रिकाम्या हुकाची वेळ

दुपार कलली की क्रेन वळायची.

माल नाही, खालून इशारा नाही, कुणाची हाक नाही. हूक रिकामा, पार वर ओढून घेतलेला, आणि तो लांबलचक पिवळा हात सावकाश फिरत फिरत जायचा तो थेट निळ्या पाण्याच्या टाकीकडे. टाकीच्या किंचित डावीकडे. तिथे थांबायचा, ब्रेक लागल्याचा खट्ट आवाज यायचा आणि मग बराच वेळ वर काही हलायचंच नाही.

खाली मात्र सगळं हलायला लागायचं. गेटजवळची चहावाली मावशी किटली उचलून भर यार्डातून चालायला लागायची. वेल्डिंगवाले गॅसचे सिलिंडर ढकलगाडीवर घालून या टोकाचे त्या टोकाला न्यायचे. सेंट्रिंगवाले फळ्या टाकून जिन्याने खाली यायचे. कारण क्रेन टाकीकडे म्हणजे हूक रिकामा, हूक रिकामा म्हणजे डोक्यावर काही नाही, आणि डोक्यावर काही नाही म्हणजे मान खाली घालून बिनधास्त चाला. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कुठे पाटी नव्हती. पाट्या खूप होत्या तशा, पण त्यांवर 'हेल्मेट घाला' असंसुद्धा लिहिलं होतं, ते तरी कोण वाचत होतं?

आणि वरच्या स्लॅबवर सळया बांधणारी माणसं हात धुऊन, तोंड धुऊन, पँटची दुमडलेली टोकं नीट करून रांगेत उभी राहायची. चारी बाजूंना खांब, सळया, बांबूंचं रान. किब्ला, म्हणजे नमाजेची दिशा, कुठे ते काही कळायचं नाही. मग वर बघायचं. क्रेनचा हात ज्या दिशेला, त्या दिशेला सतरंज्या. झालं काम. सळईवाल्यांचा मुकादम, ज्याला सगळे मामू म्हणायचे, तो एकदा म्हणालाही, "अरे, म्हणजे आपण त्या पोरीच्या मागे नमाज पढतो की काय?"

"पोरीच्या मागे नाही, क्रेनच्या मागे," दुसरा म्हणाला. "आणि क्रेन ना बाई, ना बुवा. चालतं."

ती पोरगी म्हणजे पिपाणी.

पिपाणी हे काही तिचं नाव नव्हे. पण क्रेनच्या हॉर्नवर तिचा अंगठा असा बसलेला असायचा की साइटवर तिला दुसरं नाव मिळणं शक्यच नव्हतं. कुणी पट्टे बांधायला उशीर केला, वाजव. कुणी मोबाइलवर बोलत मालाखालून गेला, वाजव. कुणी काहीच केलं नाही, फक्त उभं राहिलं, तरी वाजव. डोकं तिचं गरमच असायचं. नजर मात्र घारीची. साठ-सत्तर पुरुषांच्या साइटवर क्रेनच्या खुर्चीत बसलेली ती एकटी बाई, आणि वरून तिला सगळं दिसायचं. कोण सिमेंटच्या गोण्यांमागे झोपलाय, कुणाची चप्पल तुटलीय, मावशी दूध वाढवायला पाणी कुठून आणते, सगळं.

तिचे अब्बा खाली होते. साइटवर त्यांना उस्ताद म्हणायचे. आयुष्यभर क्रेन चालवली, मग गुडघा गेला आणि शिडी सुटली. आता ते खालून माल बांधून द्यायचे, वॉकी-टॉकीवर सांगायचे, उचल, फिरव, सोड. लेक वर, बाप खाली, मधे सगळी हवा आणि एक खरखरणारा वॉकी. या साइटवर तिला खुर्ची मिळाली ती अब्बांच्या शब्दावर, पण कच्ची. आठवडा संपला की कंपनी सांगणार होती, पक्की की दुसरा माणूस. पिपाणीला या जगात दुसरं काही नको होतं. ती एक फाटक्या फोमची खुर्ची हवी होती.

आता नमाजेला क्रेन का वळवायची, ते सांगतो. केबिन असते क्रेनच्या हाताला चिकटलेली. हात जिकडे, केबिनचं तोंड तिकडे. खुर्चीच्या मागे विजेचा डबा, बाजूला लिव्हर, दुसऱ्या बाजूला दार. माणूस उभा राहू शकतो, वाकू शकतो, डोकं टेकू शकतो, ते फक्त पुढे तोंड करून, खुर्ची मागे सरकवली तर. आणि पुढची जमीन काचेची. खालचं दिसावं म्हणून. पिपाणी त्या काचेवर हातभर रुंदीची, अरुंद जानमाज, नमाजेचं कापड, टाकायची आणि सजद्यात जायची तेव्हा कपाळाखाली कापड, कापडाखाली काच आणि काचेखाली अख्खी साइट. पहिल्या दिवशी तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. नंतर तिला वाटायला लागलं, माणसानं डोकं टेकावं तर असं टेकावं. खाली कुणाची पाठ दिसते, कुणाचं टक्कल, आणि आपण त्या सगळ्यांच्या वर असून सगळ्यात खाली वाकलेलो.

सगळं ठीक चाललं होतं, आणि मग इस्त्री आला.

इस्त्री म्हणजे नवा साइट इन्चार्ज. सिमेंटच्या धुरळ्यात पांढरा शर्ट, कडक कॉलर, पँटला अशी धार की हात कापेल. पहिले काही दिवस तो नुसता चहाचा कप घेऊन फिरायचा आणि बघायचा. माणूस वाईट नव्हता. पण एके दिवशी दुपारी तो मान वर करून क्रेनकडे बघत होता, आकाश निरभ्र, आणि त्याच्या कपाळावर टप्पकन पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा. दुसरा कॉलरवर.

पिपाणीला आणि अब्बांना ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बोलावणं आलं.

"वर काय धुणं धुतेस काय गं?"

"वजू करते, साहेब. नमाजेआधी हातपाय धुवायचे असतात. बाटली नेते वर."

"आणि ते पाणी माझ्या डोक्यावर?"

"हेल्मेट घातलं असतं तर हेल्मेटवर पडलं असतं."

अब्बांना खोकला आला. हा खोकला त्यांना ती लहान असल्यापासून यायचा, ती जास्त बोलली की.

"हे बघ," इस्त्री म्हणाला, "नमाजेला माझी ना नाही. कुणी काय पढावं हा माझा विषय नाही. पण ही क्रेन रोज दुपारी रिकामी फिरते. मोठे साहेब आले आणि त्यांनी विचारलं का फिरली, तर मी काय सांगू?"

"सांगा नमाजेला फिरली."

"नमाज तू पढतेस की क्रेन पढते?"

पिपाणीला हसू येत होतं, पण ती हसली नाही. तिने केबिन कशी असते ते सांगितलं. खुर्ची, डबा, काच. इस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं. मग कपातला शेवटचा घोट संपवला.

"रिकामी क्रेन फिरवायची नाही. बस्स. वळायचंच असेल तर माल घेऊन वळ, कामासाठी वळ. पुन्हा रिकामी फिरताना दिसली तर जुन्या साइटवरचा माझा ऑपरेटर बोलावून घेतो. तसाही तो सारखा फोन करत असतो."

बाहेर आल्यावर पिपाणीने वाटेत पडलेल्या वाळूच्या घमेल्याला अशी लाथ घातली की मामूने लांबून विचारलं, "कोण गेलं गं?"

घरी जाताना अब्बा नेहमीसारखे गुडघा सांभाळत चालत होते आणि ती नेहमीसारखी दोन पावलं पुढे जाऊन थांबत होती.

"खुर्चीत बसून पढ," अब्बा म्हणाले. "तोंड असेल तिकडे. मजबुरीत कबूल होते."

"मजबुरी असेल तर ना, अब्बा?"

"मी कुठे कुठे पढलोय, माहितीय? ट्रकच्या टपावर पढलोय. रस्त्यात पडलेल्या सिमेंटच्या पाइपात पढलोय. त्यात उभं राहता येईना, मग सुरुवातच वाकून. बँकेच्या जनरेटरच्या खोलीत पढलोय, असा दणदणाट की स्वतःचा आवाज स्वतःला नाही. एकदा तर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. आत एक म्हातारी आणि तिचं कुत्रं. म्हातारीने कुत्र्याला धरून ठेवलं, म्हणाली आटप बाबा निवांत."

"आणि लिफ्टमध्ये कुठे तोंड केलं होतंत?"

"अंदाजाने. लिफ्ट काय माझ्या हातात होती?"

"तेच म्हणतेय मी," ती थांबली. "ट्रक तुमच्या हातात नव्हता. लिफ्ट नव्हती. माझ्या हातात लिव्हर आहे. बोटाने ढकललं की सगळं वळतं. वळवता येत असताना मजबुरी आहे म्हणू? कुणाला फसवू?"

अब्बांनी थांबून गुडघा चोळला. पोरगी अगदी त्यांच्यासारखं बोलत होती, फक्त मोठ्याने. मग म्हणाले, "क्रेन चालवायला तुला कंपनीने शिकवलं. मी फक्त एक गोष्ट शिकवली. कोणती?"

"नमाजेला वळायच्या आधी हूक रिकामा."

"हां. आणि राग आला की तू हुशारी करतेस, तेवढी करू नकोस."

पण तोवर हुशारी होऊन गेली होती. तिच्या डोक्यात. माल घेऊन वळ म्हणाला ना? घेते की.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पिपाणी इतकी गोड वागत होती की खालच्यांना संशय यायला हवा होता. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, यार्डाच्या कडेला, नव्या पायासाठी सळयांचा एक गठ्ठा उतरवायचा होता. तो इमारतीच्या मागच्या सळईगोदामातून यायचा. सकाळीच नेता आला असता. तिने गोदामवाल्याला सांगितलं, आधी विटा घेते, मग प्लायवूड घेते, तो गठ्ठा राहू दे दुपारपर्यंत. हिशेब सरळ होता. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेची, वेळ झाली की गठ्ठा उचलायचा, टाकीकडे वळायचं, उतरवायचा, पट्टे सोडले की हूक वर, आणि तोंड आपोआप किब्ल्याकडे. रिकामी फिरली? नाही. कामासाठी फिरली? हो. आता बोल, इस्त्री.

अब्बांना तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खोकला आला असता.

वेळ झाली. गोदामवाल्याने पट्टे बांधले, हातानेच "उचल" असा इशारा केला आणि पिपाणीने उचललं. मधे अख्खी इमारत, म्हणून गठ्ठा पार उंच घ्यावा लागला, हुकासकट केबिनच्या जवळपास. मग तिने लिव्हर ढकललं. पिवळा हात सावकाश फिरायला लागला. इमारतीवरून, स्लॅबच्या कडेवरून, निळ्या टाकीकडे. तिच्या तोंडावर हसू होतं. खाली ऑफिसच्या दाराशी पांढरा शर्ट दिसतो का, ते ती शोधत होती.

आणि तिला मावशी दिसली.

मावशीने किटली उचलली होती. एका हातात किटली, दुसऱ्यात ग्लासांची जाळी, मान खाली, आणि ती यार्डाच्या मधोमध चालत निघाली होती. तिच्यामागून वेल्डिंगवाल्यांची ढकलगाडी बाहेर आली, वर सिलिंडर आडवे. जिन्यावरून सेंट्रिंगवाले उतरायला लागले. एकाने हेल्मेट काढून बगलेत मारलं. स्लॅबवर सतरंज्या उलगडल्या, टाकीच्या किंचित डावीकडे तोंड करून. नमाजेला स्लॅबवर चढून आलेल्या अब्बांनी वॉकी एका खांबाच्या बुडाशी ठेवला आणि बाह्या खाली केल्या.

कुणीही वर बघितलं नाही. हात वळला होता ना. वळला म्हणजे रिकामा.

पिपाणीच्या तोंडातून जे निघालं ते नमाजेआधी निघू नये असं होतं.

अचानक ब्रेक मारायची सोय नव्हती. मारला असता तर गठ्ठा झोपाळ्यासारखा सुटला असता. तिने जीव मुठीत धरून हाताचा वेग कमी कमी करत नेला, गठ्ठ्याच्या झोक्याबरोबर जराशी सरकली, झोका मोडला, मग ब्रेक लावला. खट्ट. गठ्ठा थांबला. आणि थांबला तो बरोबर यार्डाच्या वाटेवर.

तिने हॉर्न वाजवला. मावशीने मान वर न करताच हात हलवला, आले गं बाई, आले. पिपाणीने पुन्हा वाजवला, लांब, कानठळ्या बसतील असा. वेल्डिंगवाल्यातला एक ओरडला, "झालं का हिचं सुरू!" आणि दोघंही हसले. हॉर्नचं हेच तर होतं. सकाळी वाजायचा, दुपारी वाजायचा, कावळा बसला तरी वाजायचा. आज तो खरा आहे हे कुणाला कसं कळणार?

"अब्बा," ती वॉकीत म्हणाली. "अब्बा!" खांबाच्या बुडाशी वॉकी एकटाच खरखरला असेल. रांग उभी राहिली होती, हात बांधून.

ढकलगाडीचं चाक खडीत रुतलं. सिलिंडर नेमके गठ्ठ्याखाली. दोघं खाली वाकून चाक उचलायला लागले. आणि तेवढ्यात पांढरा शर्ट दिसला. इस्त्री. हातात चहाचा कप. ऑफिसमधून निघाला, निवांत चालत आला आणि ढकलगाडीपाशी उभा राहिला, नेहमीसारखा बघायला. नेहमीसारखा! पिपाणीच्या एकदम लक्षात आलं, हा माणूस रोज याच वेळेला इथेच येऊन उभा राहतो. यालासुद्धा लागलीय सवय.

इस्त्रीच्या पट्ट्याला वॉकी होता.

"साहेब, वर बघा."

इस्त्रीने वॉकी काढला. आवाज थंड. "फिरवलीस ना रिकामी? सांगितलं होतं मी."

"रिकामी नाही. वर बघा."

त्याने बघितलं. वरून पिपाणीला त्याचा चेहरा नखाएवढा दिसत होता, पण त्या नखावर काय झालं ते तिला स्पष्ट दिसलं. कप हातातून सुटला. पांढऱ्या शर्टावर चहाचा ओघळ आला आणि त्याला पत्ता नव्हता.

"खाली घे! खाली घे आधी!"

"कुठे घेऊ? तुमच्या डोक्यावर?"

"मग मागे ने!"

"मागे जिन्यावरून माणसं उतरतायत. त्यांच्यावरून नाही नेणार मी. साहेब, ऐका. मी ब्रेक लावलाय. गठ्ठा हलणार नाही, मी हलणार नाही. तुम्ही माणसं हलवा. आधी गाडी सोडायला लावा, मग मावशी, मग जिन्यावरचे थांबवा. पळवू नका कुणाला. पळालं की कुणीतरी पडतं."

इन्चार्जला असं कुणी सांगत नाही. मग इस्त्री म्हणाला, "बरं," आणि कामाला लागला.

तो काय करत होता ते वरून बघण्यासारखं होतं. दोन्ही हात पसरून, जणू अंगणातल्या कोंबड्या हाकलतोय. त्याने वेल्डिंगवाल्यांना ओढून बाजूला काढलं. मावशी वाद घालत होती, तिची किटली त्याने स्वतः धरली आणि तिला चालवत भिंतीकडे नेलं. जिन्याखाली जाऊन हात आडवा केला. मग परत आला, गठ्ठ्याकडे बघत, पाय न उचलता सरकत, आणि रुतलेली गाडी वेल्डिंगवाल्यांबरोबर बाजूने ओढत ओढत बाहेर काढली. ओढायला लागण्याआधी त्याने वॉकीवर विचारलं, "पक्का आहे ना ब्रेक?"

"माझा जीव त्याच्यावर आहे," पिपाणी म्हणाली. "तुमचाही आहे."

वारा होता. गठ्ठा जागच्या जागी अगदी हळू गोल फिरत होता, घड्याळाच्या काट्यासारखा. तिचे दोन्ही हात लिव्हरवर. बोटं पांढरी पडलेली. समोर काचेतून निळी टाकी. तोंड किब्ल्याकडे, वजू झालेला, जानमाज घडी करून मागे ठेवलेली, आणि तिला खुर्चीतून उठता येत नव्हतं. आता ही मजबुरी, तिला वाटलं. ही खरी. आणि ती मीच केलेली. पण ती घाबरली नव्हती. हात तिचे होते, क्रेन तिची होती, आणि हे खाली ठेवल्याशिवाय ती कुठेही जाणार नव्हती.

स्लॅबवर रांगेने नमाज संपवत सलाम फिरवला, उजवीकडे, डावीकडे. अब्बांनी मान वळवली ती तशीच वर गेली. मग बऱ्याच वेळात हललीच नाही. मग ते उठले, वॉकी उचलला आणि जिन्याकडे निघाले. गुडघा असूनही कठड्याला हात न लावता.

यार्ड मोकळं झालं होतं. भिंतीला टेकून सगळी साइट उभी होती, तोंडं वर करून. मधे एकटे अब्बा आले. त्यांनी गठ्ठा बघितला, जागा बघितली, आजूबाजूला बघितलं. मग हात वर केला.

"थोडं पुढे," वॉकी म्हणाला. आवाजात काही नव्हतं. राग नाही, माया नाही. नुसतं काम. "अजून. बस. आता खाली. सावकाश. सावकाश. हातभर. थांब. वळूदे त्याला. आता. टेकव."

सळया जमिनीला टेकल्या तो आवाज वर यायला वेळ लागला. अब्बांनी स्वतः पट्टे सोडले. एक, मग दुसरा. चार पावलं मागे गेले.

"हूक रिकामा."

पिपाणीने हूक पार वरपर्यंत ओढून घेतला. मग वॉकी तोंडाशी धरला. सगळ्यांचे वॉकी एकाच लाइनवर होते, इस्त्रीचासुद्धा.

"माल उतरला. हूक रिकामा आहे. आता मी नमाज पढते. तोवर काही उचलणार नाही."

विचारलं नव्हतं तिने. सांगितलं होतं. वॉकी खाली ठेवला, खुर्ची मागे सरकवली, जानमाज काचेवर टाकली. सजद्यात गेली तेव्हा कापडाच्या कडेने खाली अब्बा दिसले. ते वरच बघत होते. आणि त्यांच्यापासून जरा लांब चहाने माखलेला पांढरा शर्ट, तोही.

संध्याकाळी शिडी उतरून ती खाली आली तेव्हा अब्बा शिडीच्या पायथ्याशी उभे होते.

"माल घेऊन वळलीस."

"हो."

"टाकीकडे. असरला."

"हो, अब्बा."

"लोक त्या हाताकडे बघून चालतात गं. तुझ्या खोडीकडे बघून नाही." त्यांनी स्लॅबकडे बोट केलं. "मी तिथे वर उभा राहून दुआ मागत होतो, तुझी खुर्ची पक्की होऊ दे म्हणून. आणि खाली मावशी…"

तिने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. अब्बांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला, तिने तोंड पुसलं, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "चला. इस्त्रीने बोलावलंय."

इस्त्री शर्ट न बदलता बसला होता. त्याच्याकडे बहुतेक दुसरा नव्हताच.

"साहेब, आधी मी बोलते," पिपाणी म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं माल घेऊन वळ. पण खुर्चीत तुम्ही नव्हता, मी होते. मला माहीत होतं त्या वेळेला खाली लोक काय करतात. रागात विसरले. ही चूक माझी. पण नमाजेची वेळ आणि मालाची वेळ एक करायची नाही, हे आता मला कुणी सांगितलं तरी मी ऐकणार नाही. वळेन तर रिकामीच वळेन. नाहीतर बोलवा तुमचा ऑपरेटर."

अब्बांना खोकला आला नाही.

इस्त्री टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. तिथे रोज कप असायचा.

"मी तिथे का उभा होतो?" तो म्हणाला.

"रोजच असता."

"तेच. का? मला कुणी सांगितलं नव्हतं तिथे जा म्हणून. क्रेन वळली, मी उठलो, कप घेतला, गेलो. मीच विचारतो ती का वळते, आणि मीच तिच्या इशाऱ्यावर चालतो." त्याने चहाने माखलेली कॉलर ओढून सरळ केली. मग एकदम इन्चार्जसारखा झाला. "उद्यापासून वळायच्या आधी वॉकीवर मला विचारायचं."

"सांगेन," पिपाणी म्हणाली. "विचारणार नाही."

अब्बांनी डोळे मिटले.

इस्त्रीने तिच्याकडे बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं. "सांग," तो म्हणाला. "पण मोठ्याने सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हूक रिकामा, वळतेय. आणि मोठे साहेब आले तर त्यांना मी सांगतो काय सांगायचं ते. आणि तो हॉर्न…"

"हॉर्न मी बघतो," अब्बा म्हणाले.

"मग मी माझ्या त्या ऑपरेटरला फोन करून सांगतो, इथे खुर्ची रिकामी नाही."

पिपाणी बाहेर आली. वाळूचं घमेलं वाटेतच पडलं होतं. तिने ते उचललं आणि भिंतीला नीट लावून ठेवलं. मामूने लांबून विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हॉर्न एकदाही वाजला नाही. एक प्लंबर मोबाइलवर बोलत नेमका मालाच्या वाटेवर येऊन उभा राहिला, तिचा अंगठा शिवशिवला, पण तिने वॉकीवरच त्याच्या मोबाइलचा, प्लंबिंगचा आणि अकलेचा उद्धार केला. अब्बांनी तेवढ्यावर समाधान मानलं.

दुपार कलली.

"हूक रिकामा. वळतेय."

पिवळा हात फिरायला लागला. खाली मावशीने किटलीला हात घातला, आणि थांबली. मान वर करून तिने डोळ्यांवर हात धरला. वेल्डिंगवाल्यांनी वर बघितलं. जिन्यावरच्यांनी बघितलं. ज्याने काल हेल्मेट बगलेत मारलं होतं त्याने आज डोक्यावर ठेवूनच वर बघितलं, आणि ते मागे घरंगळलं. ऑफिसच्या दारात इस्त्री नवा कप घेऊन उभा होता, तोही बघत होता. अख्ख्या साइटची मान वर, एका लोखंडी आकड्याकडे, ज्याला काहीही लटकलेलं नव्हतं.

हात टाकीच्या किंचित डावीकडे येऊन थांबला. खट्ट.

मग मावशीने किटली उचलली आणि यार्डाच्या मधोमध चालायला लागली, मागोमाग कप घेऊन इस्त्रीही. स्लॅबवर सतरंज्या उलगडल्या. वर पिपाणीने खुर्ची मागे सरकवली, बाटलीचं झाकण उघडलं, हात बाहेर काढण्याआधी खाली वाकून बघितलं, आणि वॉकीत म्हणाली, "साहेब, जरा दोन पावलं डावीकडे."